गाडी लागणे: पोटात अडकलेली गोळी आणि नाकाची वाट

वरंधा

माझं आजोळ महाड तालुक्यात. कात्रजहून निघालं की भोर, मग हिरडोशी, मग वरंधा घाट, आणि घाट उतरला की माझेरी, बिरवाडी. नकाशावर बघितलं तर काहीच नाही. पण आईला गाडी लागते, आणि ती अशी लागते की आजोळच्या लग्नांना, बारशांना आम्ही तिच्याशिवाय गेलोय.

मामाच्या बाराव्याला मात्र ती हट्टाने निघाली. भोर सुटेपर्यंत ठीक होती. धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि तिचं बोलणं बंद झालं. कपाळावर घाम, ओठ पांढरे, सारखे आवंढे. मी पर्समधली गोळी दिली. अर्ध्या तासाने हिरडोशीच्या पुढे गाडी थांबवावी लागली. रस्त्याच्या कडेला ती ओणवी बसली होती, मी पाठ चोळत होते, आणि खाली गवतावर ती गोळी पडलेली दिसली. कडा जरा झिजलेल्या, बाकी अख्खी. आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "अगं, ही तर तशीच आहे."

मी औषधांच्या फॉर्म्युलेशनमध्ये बावीस वर्षं काम करते. गोळी कुठे विरघळते, कुठे शोषली जाते, हे रोज बोलायचे विषय. तरी ती गवतातली गोळी बघून मला जे कळलं ते पुस्तकातून तितकं कळलं नव्हतं. मळमळ सुरू झाली की जठर आपलं काम थांबवतं. आतलं अन्न पुढे लहान आतड्यात ढकललं जात नाही. आणि औषध मुख्यतः शोषलं जातं ते तिथे. म्हणजे ज्या क्षणी माणूस "आता गोळी दे" म्हणतो, नेमक्या त्याच क्षणी गोळीची वाट बंद झालेली असते.

गेली सहा वर्षं मी नाकातून द्यायच्या औषधांवर काम करते आहे, त्यात गाडी लागण्यावरचं औषधही आहे. त्याबद्दल सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी आजाराबद्दल. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या वळणं ओळखतात, आणि कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असलेल्या दोन पिशव्या सरळ रेषेतला वेग आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. घाटात कान सांगतो की आपण डावीउजवीकडे फेकले जातोय. डोळ्यांना दिसते ती समोरच्या सीटची न हलणारी पाठ, किंवा मोबाइल. हा विसंवाद मेंदूला सहन होत नाही. ज्यांची आतल्या कानाची ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागतच नाही. आणि ड्रायव्हरला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याच्या मेंदूला आधीच माहीत असतं.

यावरचं जुनं आणि परिणामकारक औषध म्हणजे स्कोपोलामाइन, दुसरं नाव हायोसिन. धोतऱ्याच्या कुळातल्या झाडांत ते सापडतं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर जाणाऱ्या सैनिकांना ते दिलं जायचं. कानाकडून मेंदूकडे येणारा निरोप ते मधेच मंद करतं. अडचण आहे ती देण्याच्या पद्धतीत. तोंडाने घेतलं तर यकृत पहिल्याच फेरीत बरंचसं मोडून टाकतं. कानामागे लावायची चिकटपट्टी अमेरिकेत १९७९ पासून आहे, तीन दिवस चालते, पण प्रवासाच्या निदान चार तास आधी लावावी लागते. सुई झटकन काम करते, पण भोरच्या रस्त्यावर सुई कोण देणार?

राहिलं नाक. नाकाच्या आतली त्वचा पातळ, तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं, आणि तिथून शोषलेलं औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं. जठर थांबलेलं असलं तरी नाकाला त्याचं काही नाही. नासाच्या लक्ष्मी पुट्चा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. ०.४ मिलिग्रॅम स्कोपोलामाइन निरोगी माणसांना तोंडाने दिलं तेव्हा सरासरी जेमतेम ३.७ टक्के रक्तात पोचलं. नाकातून दिलं तेव्हा ८३ टक्के.

नासाला यात रस असायचं कारण उघड आहे. १९६१ च्या ऑगस्टमध्ये अवकाशात गेलेले गेरमान तितोव हे तिथे मळमळलेले पहिले माणूस. त्यानंतरच्या अंतराळवीरांपैकी निम्म्याहून अधिकांना पहिल्या दोनतीन दिवसांत हा त्रास झालेला आहे. २०१२ मध्ये नासाने कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीबरोबर नाकातल्या स्कोपोलामाइन स्प्रेसाठी करारही केला.

तर नाकाची वाट चांगली आहे. पण सोपी नाही, आणि आमची सहा वर्षं तिथेच गेली. त्यावर खाली चर्चेत लिहिते. ज्यांना गाडी लागते त्यांनी आपले अनुभव जरूर लिहा, मला ते कामाचे आहेत.

पौडवाली

किती दिवसांनी कोणीतरी या विषयावर मनापासून लिहिलं. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ताम्हिणी घाटातून माणगावला माझं माहेर. मुळशी संपेपर्यंत गाणी म्हणतो आणि घाट लागला की माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. "आई, अजून किती वळणं?" प्रत्येक वेळी मला खोटं सांगावं लागतं. लिंबू, आवळासुपारी, आलेपाक, खिडकीची जागा, सगळं झालं. ओळखीच्या एकांनी ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप द्यायला सांगितलं होतं, दोनदा दिलं, काही फरक नाही. मुलांना असा स्प्रे चालेल का?

वरंधा

पौडवाली, तुमचा मुलगा नेमका त्या वयात आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी क्वचितच लागते, मग वाढत जाते, नऊदहाच्या सुमाराला सर्वात जास्त असते आणि पुढे बहुतेकांची कमी होते. तेव्हा हे दिवस सरतील.

ऑन्डान्सेट्रॉन केमोथेरपीच्या किंवा जुलाबाच्या उलट्यांवर उत्तम आहे. ते अडवतं तो निरोप वेगळा, कानाकडून येणारा नव्हे. म्हणून गाडी लागण्यावर त्याचा उपयोग होत नाही. घरोघरी ही बाटली असते आणि उलटी म्हणजे उलटी असं समजून दिली जाते.

स्कोपोलामाइन मुलांना देऊ नये. लहान मुलं त्याला जास्त संवेदनशील असतात, भ्रम होऊ शकतो. मुलांसाठी अँटिहिस्टामिन गटातली औषधं आहेत, पण वजन बघून आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि निघायच्या आधी. पौड सुटल्यावर नव्हे.

सदाशिव_मेडिकल

दुकानात रोजचा अनुभव लिहितो. मे महिन्यात आणि दिवाळीत "गाडी लागण्याची गोळी द्या" म्हणणारी दहाबारा माणसं रोज येतात. दहापैकी आठजण खाली रिक्षा उभी करून आलेले असतात. स्वारगेटला जायचंय, बस अर्ध्या तासात. मी सांगतो, आत्ता इथेच पाणी घ्या आणि गोळी घेऊन टाका. ते म्हणतात, "नको, लागलं तर घेऊ." वरंधाताईंनी लिहिलेली गवतातली गोळी वाचून वाटलं, हा परिच्छेद छापून काउंटरवर लावावा.

एक धोक्याची गोष्ट. हायोसिन नावाने आपल्याकडे जे सर्रास मिळतं ते पोटाच्या मुरड्यावरचं, हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड. लेख वाचून कोणी तेच मागायला येईल. ते वेगळं आहे ना?

वरंधा

अगदी वेगळं. बरं झालं लिहिलंत. ब्यूटिलब्रोमाइडच्या रेणूवर कायमचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पोट दुखायचं थांबवेल, पण गाडी लागायची ती लागेलच. मेंदूपर्यंत पोचतं ते हायोसिन हायड्रोब्रोमाइड. नाव अर्धं सारखं आहे म्हणून गोंधळ होतो.

अथांग

नौदलातून निवृत्त होऊन आता वारज्यात राहतो. आमच्या वडिलांच्या पिढीत कोकणातली माणसं "बोट लागली" म्हणायची. मुंबईहून बोटीने रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला जाणाऱ्यांचे हाल ते सांगायचे.

पहिल्या पोस्टिंगवर मी चार दिवस नुसता आडवा होतो. पाचव्या दिवशी उठलो आणि जेवलो. शरीराला सवय होते आणि त्या सवयीसारखं औषध नाही. पण त्या चार दिवसांत कामावर उभं राहायचं असतं, आणि तेव्हा गोळी पोटात टिकत नाही हे मी स्वतः भोगलंय. एक निरीक्षण: खवळलेल्या, खळाळत्या समुद्रापेक्षा संथ, लांबलचक लाटांचा समुद्र माणसाला जास्त लोळवतो.

वरंधा

अथांग, तुमचं निरीक्षण प्रयोगांतही तसंच उतरलं आहे. सेकंदाला साधारण ०.२ आवर्तनं, म्हणजे पाच सेकंदांत एक हेलकावा, हा सर्वात मळमळवणारा वेग. घोड्यावर बसलं तर कोणाला लागत नाही कारण तो हिसका फार जलद असतो. उंटाची चाल संथ, तिथे लागते. घाटात ड्रायव्हर ब्रेक मारत, वळण घेत, पुन्हा वेग घेत जातो तेव्हा गाडी नेमकी या संथ पट्ट्यात झुलते.

गणिती

विषय चांगला मांडला आहे. पण मला मूळ प्रश्न पडतो. गोळी तासभर आधी घेतली तर ती काम करते हे तुम्हीही मान्य करता. मग लोकांना वेळेवर गोळी घ्यायला शिकवायचं सोडून नवा स्प्रे, नवा पंप, नव्या चाचण्या, आणि शेवटी किंमत दसपट, हे कशासाठी? दुसरं, गाडी लागण्यात मनाचा भाग मोठा असतो. माझ्या आजीला चुलतआजोबा कसलीतरी पुडी द्यायचे, त्यात नुसती खडीसाखर होती हे नंतर कळलं. आजीला त्या पुडीने गाडी लागत नसे.

वरंधा

तुमचा दुसरा मुद्दा आधी. खडीसाखरेची पुडी मी गंभीरपणे घेते. गाडी लागण्याच्या चाचण्यांत नुसत्या खोट्या औषधानेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. म्हणूनच चाचणीत निम्म्यांना औषधाविना तसाच स्प्रे द्यावा लागतो, तोच वास, तीच चव. नाहीतर आपण स्वतःलाच फसवू.

पहिला मुद्दा. आधी घेतलेली गोळी काम करते, आणि ज्याला प्रवास आधी ठाऊक आहे त्याने तीच घ्यावी. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दुसरा माणूस. ज्याला वाटलं होतं आज लागणार नाही. ज्याला मामा गेल्याचा फोन रात्री अकराला आला. त्याला एकदा मळमळ सुरू झाली की आज त्याच्याकडे काहीही नाही. मामाच्या बाराव्याला आई पोचली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं, मामीने तिला ओसरीवर निजवलं, आणि पिंडाला कावळा शिवला तो तिने पाहिला नाही. हे मी किमतीच्या हिशेबात कुठे धरू ते मला कळत नाही.

गणिती

समजलं. माझा आक्षेप वेळेवर घेता येणाऱ्यांपुरता ठेवतो.

लालपरी

एसटीत एकतीस वर्षं वाहक होतो. स्वारगेटहून महाबळेश्वर, महाड, पोलादपूर. पसरणीच्या घाटात वाई सुटली की मी पिशव्या हातातच घेऊन उभा राहायचो. कोणाला लागणार ते मला चेहऱ्यावरून कळायचं. माणूस जांभया द्यायला लागतो, मग खिडकीची काच सरकवायला बघतो, मग गप्प. जांभई आली की मी त्याला उठवून पुढच्या सीटवर आणायचो आणि सांगायचो, लांब रस्त्याकडे बघ, खाली बघू नको. मागच्या चाकाच्या मागची सीट सर्वात वाईट, तिथे गाडी उसळते. शेवटच्या बाकावर बसलेली सासुरवाशीण पोर, कडेवर बाळ, डोक्यावरून पदर, आणि लाजेने पिशवी मागत नाही. अशा किती बघितल्या. ताई, हे औषध झालं तर वाहकाच्या पेटीत ठेवता येईल का?

वरंधा

लालपरी, नमस्कार. जांभई हे तुम्ही अचूक पकडलंत. जांभया, आवंढे, थंड घाम, फिकटपणा, ही मळमळीच्याही आधीची पायरी. औषध द्यायची योग्य वेळ तीच.

पण वाहकाच्या पेटीत नको. या औषधाने तोंड कोरडं पडतं, झोप येते, दृष्टी धूसर होते. काचबिंदूचा विशिष्ट प्रकार असलेल्यांना डोळ्याचा दाब वाढून धोका, प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्या माणसाची लघवी अडू शकते. अनोळखी प्रवाशाला यातलं काय आहे ते वाहकाला कसं कळणार? ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, आणि ज्याचं त्याच्याजवळ. आणि घेतल्यावर त्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही.

वैद्य_शनिवार

नाक ही डोक्याची वाट आहे असं आयुर्वेद मानतो, आणि नस्य, म्हणजे नाकात औषध घालणं, ही आमची रोजची चिकित्सा. प्रतिमर्श या सौम्य नस्यात प्रत्येक नाकपुडीत दोन बिंदूच घालतात. तुमच्या स्प्रेचं प्रमाण किती असतं हे जाणून घ्यायला आवडेल. आणि एक विनंती. धोतऱ्याचा उल्लेख आला आहे म्हणून सांगतो, कोणीही धोतऱ्याचं बी, पान, धूर, काहीही घरी वापरून बघू नये. आमच्याकडे ते शोधन, म्हणजे विष कमी करायची प्रक्रिया, केल्याशिवाय वापरत नाहीत आणि तेही क्वचित. एका बोंडातल्या बियांनी माणूस दगावू शकतो.

वरंधा

वैद्यराज, तुमच्या सूचनेला दुजोरा. झाडागणिक, बोंडागणिक त्यात विषाचं प्रमाण बदलतं, म्हणून मात्रा ठरवताच येत नाही.

प्रमाणाबद्दल. एका नाकपुडीत साधारण १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन थेंब. तुमचे दोन बिंदू वाचून छान वाटलं, जरी तुमचा बिंदू आमच्या थेंबाहून मोठा असला तरी. त्याहून जास्त घातलं तर पुढून गळतं किंवा मागून घशात उतरतं. या दोन थेंबांत सगळी मात्रा मावली पाहिजे, ही पहिली चाळणी. पॅरासिटामॉलचे ५०० मिलिग्रॅम दोन थेंबांत विरघळणं अशक्य. स्कोपोलामाइनचे ०.४ मिलिग्रॅम सहज मावतात.

दुसरी चाळणी म्हणजे नाकाची स्वतःची झाडलोट. आतल्या सूक्ष्म केसांची सतत लाट चालू असते, आणि नाकात पडलेलं काहीही पंधरावीस मिनिटांत घशाकडे ढकललं जातं. धूळ जाते तसं औषधही जातं. म्हणून औषध थोडं चिकटून राहावं यासाठी जेल करायचं. पण घट्ट जेलचा फवारा उडत नाही! बाटलीत पाण्यासारखं पातळ आणि नाकात पडताच घट्ट, असं काहीतरी हवं.

तसे पदार्थ आहेत. पोलोक्झॅमर थंडीत पातळ असतं आणि उबेत घट्ट होतं. प्रयोगशाळेत सुंदर चालतं. पण एप्रिलमध्ये पुण्यात बंद गाडीच्या खणात बाटली ठेवून बघा. औषध बाटलीतच घट्ट होऊन बसतं. प्रवासासाठी असलेलं औषध गाडीत ठेवता येत नाही, हे काही बरं नव्हे. त्यामुळे आम्ही गेलन गमकडे वळलो. ते उष्णतेने नाही, नाकातल्या क्षारांशी गाठ पडली की घट्ट होतं.

कर्णनाद

कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे, कोथरूडला. रुग्णांना स्प्रे लिहून देतो तेव्हा दहापैकी नऊजण तो चुकीचा मारतात, म्हणून इथे लिहितो. डोकं मागे टाकू नका, किंचित पुढे झुकवा. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, डोळ्याच्या दिशेने वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर तिथे जखम होते. आणि जोरात ओढू नका. ओढलं की औषध थेट घशात.

वरंधा, दोन शंका. पुण्यात हिवाळ्यात निम्म्या लोकांची नाकं चोंदलेली असतात, तेव्हा शोषण कसं धरायचं? आणि प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड वापरता का? त्याने सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते हे आम्हाला खटकतं.

वरंधा

डॉक्टर, सर्दीत शोषण बदलतं, कमी-जास्त दोन्ही होऊ शकतं. चोंदलेल्या नाकाने औषध आतवर पोचतच नाही आणि वाहत्या नाकाने धुऊन जातं. म्हणून सर्दी असलेल्यांची वेगळी चाचणी करावीच लागणार, ती टाळता येणार नाही. निरोगी माणसातही दोन्ही नाकपुड्या आळीपाळीने काही तास फुगतात, त्यामुळे एकाच माणसाची सकाळ आणि संध्याकाळ वेगळी येते.

बेंझाल्कोनियम आम्ही काढून टाकलं. तोच विचार करून एका मात्रेचा पंप घेतला. एकदा दाबला की संपला, उरलेलं औषध साठवायचा प्रश्नच नाही. महाग पडतो. पण प्रवासात एका माणसाची बाटली दुसऱ्याच्या नाकाला लागत नाही हा मोठा फायदा. आणि भीतीने एकामागून एक पाच फवारे मारले असंही होत नाही.

फवाऱ्याच्या थेंबाचा आकारही बघावा लागतो. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक झाला तर फुफ्फुसात जातो, फार जाड झाला तर नाकाच्या दारातच बसून खाली ओघळतो.

बीकर

ताई, मी एम.फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे, एरंडवण्यात. माझाही विषय नाकातलं जेलच, गेलन गम घेऊनच. बोकडाच्या नाकाची त्वचा वापरते. पहाटे सहाला मटणाच्या दुकानी जाऊन ताजं मुंडकं घेते. दुकानदार काका आता ओळखतात, माझ्यासाठी आधीच फोडून ठेवतात, फक्त मधला पडदा फाटू नये म्हणून सांगावं लागतं. ६.४ पीएचच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), बर्फाच्या डब्यातून कॉलेजात. चिमट्याने कूर्चेवरून त्वचा सोडवायची, ती ओल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघते. मग फ्रान्झ सेलवर, म्हणजे त्वचेतून औषध किती खाली जातं ते मोजायच्या काचेच्या पात्रावर, ताणून बसवायची, खाली ३४ अंशांचं पाणी फिरतं.

तीन आठवडे माझे आकडे वेडेवाकडे येतायत. आणि दुसरं म्हणजे पंपाच्या टोकाशी जेल जमून फवारा बंद पडतो. बाटलीतलं द्रावण पातळच आहे. गाइडना विचारलं, ते म्हणाले गमचं प्रमाण कमी कर. केलं, तरी तेच.

वरंधा

बीकर, आधी पंपाचं. द्रावण रक्ताइतकं खारट करायला काय घातलंयस? मीठ असेल तर काढ. सोडियमने गेलन गम बाटलीतच हळूहळू गाठी धरायला लागतं. त्याऐवजी साखरेच्या जातीचं मॅनिटॉल घाल. नाकाला तेवढाच आराम आणि गमला त्याचं काही देणंघेणं नाही.

मीठ नसेल तर पंप कशाने धुतेस ते बघ. आमच्याकडे हे घडलंय. चार महिने आम्ही गमच्या नवनव्या बॅचेस मागवत होतो, पुरवठादाराशी भांडत होतो. एकदा मी संध्याकाळी उशिरा थांबले होते, आणि पंप धुणाऱ्या मावशी सिंकवरच्या नळाखाली टोकं धरून उभ्या होत्या. टँकरचं पाणी, बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर. त्या पाण्यातलं कॅल्शियम पंपाच्या अरुंद भोकात राहत होतं आणि दुसऱ्या दिवशी औषध तिथे पोचलं की नाक आलं असं समजून घट्ट होत होतं. कॅल्शियमने तर सोडियमहून कितीतरी पटकन होतं. दुसऱ्या दिवसापासून शुद्ध पाण्याने धुवायला सुरुवात केली आणि एकही पंप अडला नाही. मावशींची काही चूक नव्हती, शुद्ध पाणी वापरा असं त्यांना आमच्यापैकी कोणी सांगितलंच नव्हतं.

आकड्यांचं: सेल भरल्यावर तिरपा करून उजेडात धर. त्वचेच्या खाली हवेचा बुडबुडा अडकलेला असेल. तेवढ्या जागेतून औषध खाली जातच नाही.

बीकर

पंप नळाखालीच धुतेय!! उद्या बघते.

सदाशिव_मेडिकल

समजा सगळं जमलं. मंजुरीला किती जावं लागेल? जुनंच औषध आहे, मग सोपं जायला हवं.

वरंधा

औषध जुनं असलं तरी देण्याचा मार्ग नवा. २०१९ च्या नव्या औषध आणि क्लिनिकल चाचण्या नियमांप्रमाणे, मंजूर औषध नव्या मार्गाने द्यायचं तर तेही नवं औषधच धरलं जातं. माझ्या मते हे योग्य आहे. ज्या औषधाचे तोंडावाटे जेमतेम चार टक्के पोचत होते तेच ऐंशी टक्के पोचायला लागलं, तर तो वेगळाच प्राणी झाला. सगळं रक्तात मोजून दाखवावं लागतं. नाकातून औषध देणं पुण्याला नवीन नाही, सीरमने २०१० मध्ये स्वाइन फ्लूची नाकातली लस काढली तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी घेतली असेल. पण लशीला नाकात थोडी जागा मिळाली तरी पुरते. इथे मात्रा अचूक रक्तात उतरावी लागते.

आमचं काम अजून माणसांवरच्या चाचणीपर्यंत गेलेलं नाही. ते झाल्याशिवाय मी कोणालाही, आईलासुद्धा, एक फवारा देणार नाही. तिने दोनदा मागितला आहे.

पौडवाली

मग तोवर आई आजोळी कशी जाते?

वरंधा

या वर्षी रेल्वेने नेणार आहे. पनवेलहून कोकण रेल्वेने वीर स्टेशन, तिथे मामेभाऊ घ्यायला येईल. वेळ दुप्पट, पण वळणं कमी. आणि गोळी पनवेलला गाडीत चढण्याच्या तासभर आधी. सदाशिव काकांनी सांगितल्याप्रमाणे.

लालपरी

वीरहून पुढे रिक्षात बसवाल तेव्हा पुढच्या दिशेला तोंड करून बसवा. आणि आईंना माझा नमस्कार सांगा. महाड गाडीला त्या कधी बसल्या असतील तर मी तिकीट दिलं असेल.

बीकर

ताई, कळवायचं राहिलं. डिस्टिल्ड पाण्याने धुतलेल्या सहाच्या सहा पंपांतून आज सकाळी फवारा नीट उडाला. बुडबुडाही सापडला, डाव्या कोपऱ्यात, मुगाएवढा.

वरंधा

शाब्बास बीकर. आता त्वचा बसवताना सेल आधी काठोकाठ भर आणि मग त्वचा कडेने सरकवत आण.

काल हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. लालपरींच्या निरोपावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, ऐंशी सालच्या आसपास एका वाहकाने तिला पुढे आणून बसवलं होतं, महाडच्याच गाडीत. तुम्हीच होतात का ते तिला सांगता येत नाही.

मग तिने एक विचारलं: "नाकात मारलेलं घशात उतरतं ना? कडू लागतं का?"

कडूच असतं. आणि घशात थोडं उतरतंच, ते पूर्ण थांबवता येत नाही. आधीच मळमळणाऱ्या माणसाच्या जिभेच्या मुळाशी कडू चव आली तर औषध काम करायच्या आधीच उलटी होईल. सहा वर्षांत आम्ही थेंब मोजले, पंप मोजले, बोकडाच्या त्वचेतून काय जातं ते मोजलं. कडूपणा कागदावर "स्वीकारार्ह" म्हणून नोंदवला आहे, पण ती नोंद करणाऱ्यांपैकी कोणालाही गाडी लागत नव्हती. सोमवारी टीमपुढे हाच प्रश्न ठेवते आहे. चव मारायला घातलेली साखर किंवा सुगंध नाकातल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीला बाधू नये यासाठी काय करावं, हे डॉक्टर कर्णनाद यांना विचारायचं आहे. डॉक्टर, सवड झाली की लिहा.